पॅरा एसएफमधलं आयुष्य आणि करिअर खरं कसं असतं? भाच्यासाठी विचारतोय

कृष्णाकाठचा_मामा:

नमस्कार मंडळी. आम्ही सातारा जिल्ह्यातले, पण आमच्या घरात आजवर कुणी फौजेत गेलेलं नाही, त्यामुळे विचारायचं कुणाला हा प्रश्न आहे म्हणून इथे लिहितोय. भाचा यंदा बारावी झाला, अठरा पूर्ण. पोरगं चांगलंय, पहाटे कुणी न उठवता उठतं, धावायला जातं, व्यसन नाही काही नाही. पण डोक्यात एकच धरून बसलाय, पॅरा एसएफ, म्हणजे आर्मीच्या पॅराशूट रेजिमेंटचे स्पेशल फोर्सेसवाले कमांडो. नुसती आर्मी म्हटलं तरी त्याला चालत नाही, "मामा मला बलिदान बॅजच पाहिजे" म्हणतो, तो या एसएफवाल्यांचा बिल्ला.

पोगरवाडी आमच्यापासून लांब नाही. तिथले पॅरा एसएफचे कर्नल संतोष महाडिक साहेब काश्मीरमध्ये शहीद झाले तेव्हा हा सात-आठ वर्षांचा असेल, अंत्यविधीला मीच त्याला खांद्यावर बसवून नेलं होतं, एवढी माणसं होती की खाली उभं केलं असतं तर त्याला काही दिसलं नसतं. तेव्हापासून ते नाव त्याच्या डोक्यात आहे. मला त्याचं कौतुकच आहे, पण आता त्याला जे काही माहीत आहे ते सगळं मोबाईलवरच्या रील्समधून आलेलं, मागे म्युझिक लावलेलं आणि तोंडाला काळं फासलेलं, आणि त्याची आई म्हणजे माझी बहीण रोज रडते. दोघांच्या मध्ये मी.

तर प्रश्न असे की डायरेक्ट एसएफमध्ये भरती होता येतं का? आत गेल्यावर रोजचं जगणं कसं असतं? पस्तिशी-चाळिशीनंतर या लोकांचं काय होतं? आणि बायको-मुलांचं काय? अजून एक, जवळच्या गावातली एक अकॅडमी "कमांडो सिलेक्शन गॅरंटी" म्हणून बरेच पैसे मागतेय. भरावेत का? ज्यांनी जवळून बघितलंय त्यांनी कृपया लिहा, कडू असलं तरी चालेल.

---

निवृत्त_माणदेशी:

मामा, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर. एक रुपया देऊ नका. एसएफची गॅरंटी देणारा माणूस जगात नाही, खुद्द युनिटचा सीओ, म्हंजे कमांडिंग ऑफिसर, पण देऊ शकत नाही.

मी पॅराशूट रेजिमेंटमधून सुभेदार म्हणून घरी आलोय. युनिट कुठलं, कुठं होतो, काय केलं यावर बोलणार नाही आणि कुणी विचारू पण नका. जेवढं बोलता येतं तेवढं सांगतो, जरा लांबेल.

भरतीच्या मैदानावर कुणी एसएफ होत नाही. तिथं तो जवान होतो, बास. मग ट्रेनिंग सेंटर, पॅराशूट रेजिमेंट मिळाली तर बंगळुरू, नाहीतर दुसऱ्या कुठल्या रेजिमेंटमध्ये जाऊन तिथून व्हॉलंटिअर व्हायचं. लक्षात घ्या, इथं कुणाला ढकलून पाठवत नाहीत, स्वतः हात वर करावा लागतो, आणि एकदा हात वर करून भागत नाही. प्रोबेशनला, म्हंजे निवडीच्या कसोटीला, जायच्या आधी हात वर, प्रोबेशनमध्ये रोज सकाळी अंथरुणातून उठणं म्हंजे पण हात वर केल्यासारखंच, कारण कुठल्याही क्षणी उस्तादाला, म्हंजे शिकवणाऱ्याला, "उस्ताद, मला परत जायचंय" म्हटलं की सुटका आहे. गरम चहा मिळतो, आंघोळ मिळते, झोपायला मिळतं, आणि मग गाडीत बसून आपल्या जुन्या युनिटला. त्याला आरटीयू म्हणतात, रिटर्न टू युनिट. दार उघडं असताना आत थांबायचं, ही त्यातली खरी परीक्षा.

प्रोबेशन पॅराचं तीन महिने आणि एसएफचं साधारण सहा महिने. रील्समध्ये पुशअप आणि चिखल दिसतो, तो पोरं सहन करतात हो, गावाकडची पोरं तर आरामात करतात. जे दिसत नाही ते सांगतो. दोन-तीन रात्री झोप दिलेली नसते, पाठीवर वजन घेऊन रात्रभर चालून आलेला असतो, आणि पहाटे उस्ताद नकाशा समोर टाकून शांतपणे विचारतो, आपण आत्ता कुठं आहोत, ग्रिड रेफरन्स (नकाशावरच्या जागेचा आकडा) सांग. तिथं डोकं चाललं पाहिजे. रात्री वाटेत काय काय दिसलं, पूल किती होते, कुठल्या घरात दिवा होता, हे विचारतात. किंवा पाच-सहा जणांत एकच बाटली पाणी देतात आणि उस्ताद काही न बोलता बघत बसतो की पहिला घोट कोण घेतो आणि शेवटच्याला उरतं का. दणकट पहिलवान पोरं अशा ठिकाणी घरी गेलेली मी बघितलीत आणि एक बारकं, पंचावन्न किलोचं पोरगं शेवटपर्यंत टिकलेलं पण बघितलंय. परत गेलेल्यांना कुणी हसत नाही, ती पोरं आपल्या पलटणीत जाऊन उत्तम सैनिक होतात, हे भाच्याला आत्ताच सांगून ठेवा.

मग आग्रा. पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूल, हवाई दलाकडं आहे. पाच उड्या, त्यातली एक रात्रीची, मग छातीवर विंग्स. मालपुऱ्याच्या ड्रॉप झोनवर माती मऊ हाय असं सगळे सांगतात, पडल्यावर कळतं किती मऊ हाय ते. दिवसाची उडी सोपी. रात्री जमीन दिसतच नाही. पाय जुळवायचे, गुडघे किंचित वाकवायचे आणि तसंच लटकत राहायचं, ती येईल तेव्हा येईल. जो पाय लांब करून जमीन शोधायला जातो त्याचाच घोटा मोडतो. हे तिथं दिवसभर घोकून घेतात तरी अंधारात पाय आपोआप खाली जायला बघतोच, तो आवरायचा.

एवढं सगळं झालं की तो एसएफमधला सगळ्यात ज्युनिअर, काही न येणारा पोरगा असतो. शिपायाला आमच्याकडं पॅराट्रूपर म्हणतात, तिथून सुरुवात. आता त्याला एक हुन्नर धरावा लागतो, वैद्यकीय, स्फोटकं, रेडिओ, स्नायपिंग, आणि दुसऱ्याचा पण थोडा शिकावा लागतो, कारण टोळी लहान असते आणि मेडिकलवालाच पडला तर त्याला पट्टी कोण बांधणार? मग कोर्सेस. स्पेशल फोर्सेसची शाळा, आधी नाहनला होती, आता बकलोहला, मिझोराममध्ये वैरेंगटेला जंगल, गुलमर्गला बर्फ. एक कोर्स संपला की दुसरा. पहिली पाच-सहा वर्षं तर नुसतं शिकण्यातच जातात. चांगला मेडिकलवाला तयार व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात गावातलं पोरगं ग्रॅज्युएट होऊन नोकरीला लागतं.

रोजचं जगणं विचारलंत. पाय. हसू नका, पण पहिली काही वर्षं माझं निम्मं लक्ष पायांवर असायचं. बूट काढायची परवानगी मिळाली की आधी मोजे बदलायचे, ओले मोजे पोटाशी धरून अंगाच्या उबेनं वाळवायचे, फोड आला असेल तर सुई-दोरा ओवून पाणी काढायचं आणि दोरा तसाच आत सोडायचा म्हंजे परत भरत नाही. मग हत्यार साफ. मग स्वतःचं जेवण. हा क्रम कधीच बदलत नाही. आणि वाट बघणं. अँबुश लावून, म्हंजे दबा धरून, पडून राहायचं, खोकायचं नाही, कूस बदलायची नाही, रात्र निघून जाते, कुणी येत नाही. उठून परत. दुसऱ्या रात्री पुन्हा. कधीकधी अख्खा महिना काही घडत नाही. २०१६ च्या सर्जिकल स्ट्राइकची एक रात्र सगळ्या देशाला पाठ आहे, ती बरोबरच आहे, पण त्या रात्रीला जी पोरं गेली त्यांच्या मागं अशा किती रिकाम्या रात्री असतील त्याचा विचार भाच्याला करायला सांगा. ज्याला ती रिकामी रात्र झेपते तो एसएफवाला.

बाकी उद्या लिहितो, गुरं बघायचीत.

---

ओंकार_भरती२६:

काका लय भारी लिहिलंय, एक नंबर 🙏 मी पण तयारीतच आहे. मामा, भाच्याला सांगा आता आधी ऑनलाईन लेखी परीक्षा असते आणि ती निघाली तरच मैदान, त्यामुळे नुसतं धावून उपयोग नाही, गणित आणि जीके पण करायला लागतं, आमच्या ग्रुपमधली सगळ्यात जास्त पोरं तिथंच उडाली. मैदानात १.६ किमी, साडेपाच मिनिटांच्या आत आला तर पूर्ण ६० मार्क, १० पुलअप्स मारले तर ४०. नऊ फुटांचा खड्डा आणि बॅलन्स नुसतं पास व्हायचं असतं. महाराष्ट्रासाठी जीडीला (जनरल ड्यूटी, म्हणजे साधा जवान) उंची १६८ सेमी. दात, कान, सपाट तळवे आणि गुडघे आत वळलेले नाहीत ना हे आधीच डॉक्टरकडं दाखवून घ्या, मेडिकलला नंतर रडण्यात अर्थ नाही.

---

अजिंक्यताऱ्यावरून:

महाडिक साहेबांचं नाव निघालंच आहे तर त्यांचंच करिअर भाच्यासमोर नीट ठेवा मामा, कारण लोक फक्त शेवटचा दिवस लक्षात ठेवतात आणि त्याआधीची सतरा वर्षं विसरतात.

जन्म १९७७, पोगरवाडीचे, शिक्षण साताऱ्याच्या सैनिक स्कूलला. फुटबॉल, बॉक्सिंग, घोडेस्वारी असं सगळं करणारा मुलगा. १९९८ ला कमिशन मिळालं ते २१ पॅरा स्पेशल फोर्सेसमध्ये. आता गंमत बघा, ही २१ पॅरा म्हणजे मुळात २१ मराठा लाइट इन्फंट्री, १९९६ ला तिचं एसएफमध्ये रूपांतर झालं, म्हणजे साताऱ्याचा पोरगा गेला तो एका अर्थी घरच्याच पलटणीत गेला. पहिला काळ ईशान्येत, तिथल्या ऑपरेशन ऱ्हायनोमधल्या कामगिरीबद्दल २००३ मध्ये सेना मेडल. आणि त्यानंतर? त्यानंतर बारा वर्षं पेपरात नाव नाही. ती बारा वर्षं माणूस बसून होता का? नोकरीच चालली होती की. शेवटी कर्नल होऊन ४१ राष्ट्रीय रायफल्सची कमांड, ती पण मराठा लाइट इन्फंट्रीशीच जोडलेली, कुपवाड्यात. म्हणजे एसएफचा अधिकारी झाला म्हणून आयुष्यभर एसएफमध्येच राहतो असं नाही, पुढे त्याला शेकडो साध्या जवानांचं नेतृत्व करायला पाठवतात आणि तिथे तो हुन्नर कामाला येतो. कुपवाड्यात तिथल्या तरुण पोरांना शिक्षणाकडे, खेळाकडे वळवायचं काम पण ते करत होते, हे मला त्यांच्याबद्दल सगळ्यात मोठं वाटतं. १७ नोव्हेंबर २०१५ ला हाजी नाक्याच्या जंगलात शोधमोहीम चालू होती, सीओ असून साहेब पुढे होते, तिथे गोळ्या लागल्या. वय ३८. पुढच्या २६ जानेवारीला शौर्य चक्र.

आणि त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक, दोन लहान मुलं पदरात असताना वयाची अट शिथिल करून घेऊन एसएसबी, म्हणजे अधिकारी निवडीची मुलाखत दिली, चेन्नईच्या ओटीएमध्ये (ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमी) आपल्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान मुलींबरोबर ट्रेनिंग केलं आणि सप्टेंबर २०१७ ला लेफ्टनंट झाल्या. मामा हे तुमच्या बहिणीला नाही, भाच्याला सांगा. बाई किती खंबीर असाव्या लागतात ते त्याला कळू दे.

मराठी माणूस आणि पॅराशूट हा विषय तर फार जुना आहे आणि आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही म्हणून लिहितो. नाईक यशवंत घाडगे, माणगाव तालुक्यातले, १९४४ मध्ये इटलीत मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, ते ज्या बटालियनचे ती मराठ्यांची तिसरी बटालियन पुढे २ पॅरा झाली. याच २ पॅराने बांगलादेशच्या युद्धात ११ डिसेंबर १९७१ ला टांगाइलला उडी मारली, पूंगली पूल ताब्यात घेतला आणि माघार घेणाऱ्या पाकिस्तानी ब्रिगेडची ढाक्याकडची वाट अडवली. आणि दुसऱ्या दिवशी जमिनीवरून लढत लढत त्यांना येऊन मिळाली ती कोण तर १ मराठा, म्हणजे जंगी पलटण. वरून उतरले ते मराठे आणि खालून आले ते पण मराठे, परक्या मुलखात अंधारात एकमेकांना मराठीत हाका मारल्या असतील असं मला नेहमी वाटतं आणि अंगावर काटा येतो. १६ डिसेंबरला ढाक्यात सगळ्यात आधी शिरली ती हीच २ पॅरा. आता ती पण स्पेशल फोर्सेस आहे.

---

फौजीणबाई_कोल्हापूर:

आजवर इथे नुसतं वाचत होते, आज बहिणीसाठी लिहिते.

आमचे हे एसएफमध्ये आहेत, जवान म्हणून लागले, आता हवालदार. मामा, तुमच्या बहिणीला सांगा की भीती जात नाही, कुणी जाते म्हणालं तर खोटं बोलतंय. पण ती रोज उशाशी घेऊन झोपावी लागते असंही नाही. शाळेचे डबे, सासूबाईंची शुगर, लाईटबिल यात ती मागे पडते आणि मग एखाद्या संध्याकाळी टीव्हीवर खाली पट्टी येते, "कुपवाड्यात चकमक", आणि हातातलं लाटणं थांबतं. आम्ही घरात नियमच केलाय, ते बाहेर असताना बातम्या लावायच्या नाहीत.

जायच्या आधी मेसेज येतो, "बाहेर जातोय, फोन लागणार नाही." एवढाच. कुठे, किती दिवस, काही नाही, आणि विचारायचं पण नाही. परत आले की फोन येतो तेव्हा मी पहिलं विचारते जेवलात का. मुलगी मात्र पहिलं विचारते कधी येणार, तिला काय सांगायचं हे अजून दोघांनाही जमलेलं नाही. सुट्टीवर आले की पहिले दोन-तीन दिवस ते घरात असूनही घरात नसतात, दारात आवाज झाला की मान आधी वळते, गर्दीच्या हॉटेलात भिंतीला पाठ लावूनच बसतात. आम्ही काही बोलत नाही. चौथ्या दिवशी स्वतःहून पोरीच्या वेण्या घालायला घेतात तेव्हा समजायचं की आता आले.

गणपतीला आहेत की नाहीत, बारशाला आहेत की नाहीत, याचा हिशोब मी सोडून दिलाय. पण पीस स्टेशनला, म्हणजे जिथे लढाईची ड्यूटी नसते अशा ठिकाणी, फॅमिली क्वार्टर मिळालं की ते दिवस इतके चांगले असतात की काय सांगू, शेजारीण पंजाबची, पलीकडची गढवालची, कुणाचा नवरा बाहेर असेल तर त्या घरची पोरं तीन घरांत जेवतात. असं शेजारपण मला गावात पण मिळालं नाही.

आता कामाचं. पुढे लग्न झालं की लगेच पार्ट टू ऑर्डर, म्हणजे सर्व्हिस रेकॉर्डला त्याची नोंद, करून घ्यायला सांगा, मूल झालं की त्याची पण. नॉमिनी, जॉइंट अकाउंट, विम्याचे कागद, घरातल्यांची नावं आधारवर आणि सर्व्हिस रेकॉर्डवर एकसारखी आहेत ना ते बघा, एका अक्षराचा फरक असला तरी नंतर वर्षानुवर्षं हेलपाटे. एका ओळखीच्या मुलीचा नवरा गेला, लग्नाची नोंदच रेकॉर्डला झालेली नव्हती कारण "पुढच्या सुट्टीत करू" म्हणून राहिलेलं. दुःख करायलासुद्धा तिला वेळ मिळाला नाही, कागदच गोळा करत होती. लग्न ठरवताना मुलीला हे सगळं आधी सांगा. लपवून करू नका.

---

कृष्णाकाठचा_मामा:

ताई, तुमचं लिहिलेलं बहिणीला वाचून दाखवलं. ती रडली पण नंतर म्हणाली की अजून काय काय लिहिलंय ते पण वाच. सगळ्यांचे मनापासून आभार.

माणदेशी काका, तुमचा प्रतिसाद भाच्याने स्वतः दोनदा वाचला आणि मग अँबुशवर गप्प बसला. दोन शंका अजून. एक म्हणजे आता अग्निवीर आहे, चार वर्षांत बाहेर काढलं तर एसएफचं काय? दुसरं, त्याला अधिकारी म्हणून जाता येईल का? बारावीला बरे मार्क आहेत, ७८ टक्के.

---

पुण्याची_फिजिओ:

मी फौजेतली नाही पण माझ्याकडे निवृत्त फौजी बरेच येतात, त्यात पॅराचे पण असतात, म्हणून चाळिशीनंतरचं थोडं लिहिते कारण त्यावर कुणी बोलत नाही. गुडघे, कंबर, मान आणि कान. वर्षानुवर्षं तीस-पस्तीस किलो पाठीवर घेऊन चढउतार आणि वर उड्या, मणक्यातली चकती कधीतरी हिशोब मागतेच. स्फोट आणि गोळीबारामुळे ऐकू कमी येतं आणि हे लोक ते मान्यच करत नाहीत, बायको सांगते तेव्हा कळतं. सगळ्यात मोठी अडचण म्हणजे यांना दुखणं सांगायची सवयच नसते. "किती दुखतंय" विचारलं की "चालतंय मॅडम", आणि एमआरआय बघितला तर मलाच घाम फुटतो. भाच्याला आत्तापासून शिकवा की दुखणं वेळेवर सांगणं हे पण ट्रेनिंगच आहे, दुखापत लपवून धावणारा आपल्या टोळीचंच नुकसान करतो.

आणि जखमी झालेल्यांबद्दल. पुण्यात आर्टिफिशियल लिंब सेंटर १९४४ पासून आहे, खडकीला पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे जिथे कमरेखाली संवेदना गेलेले जवान राहतात, खेळतात, स्पर्धा जिंकतात, आणि तिथेच क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे, जे पहिल्या महायुद्धापासून जखमी सैनिकांना नवीन काम शिकवतंय. माणूस तिथे परत उभा राहतो हे मी डोळ्यांनी बघितलंय. पण तोंडाने चित्रं रंगवणारा जवान समोर बसलेला बघितला की रील्स बघताना जे वाटतं ते वाटत नाही, वेगळंच काहीतरी वाटतं आणि ते जास्त खरं असतं. तो निर्णय घेणारच असेल तर हे पण त्याला माहीत असलं पाहिजे एवढंच.

---

निवृत्त_माणदेशी:

मॅडम बरोबर बोलल्या. माझ्या उजव्या कानाला ऐकू येत नाही म्हणून घरचे रोज बोलतात.

मामा, अग्निवीरचं. चार वर्षं, त्यानंतर पंचवीस टक्के पोरं कायम होतात, बाकीची साधारण पावणेबारा लाख सेवानिधी घेऊन बाहेर. पेन्शन नाही. पंचवीस टक्क्यांत आलास तर पुढं अजून पंधरा वर्षं. हे मला व्यक्तिशः पटत नाही आणि ते मी उघड बोलतो, कारण एसएफचा जवान खऱ्या अर्थानं तयारच चार-पाच वर्षांनी होतो, हुन्नर हाताला बसतो तेव्हा त्याला "चल घरी" म्हणायचं म्हंजे पेरणी, खुरपणी सगळी करून सुगीच्या वेळेला रान सोडून देण्यासारखं हाय. पण आज दार तेच आहे, तर त्या दारातनं जायची तयारी ठेवायची. बंगळुरूच्या सेंटरमधनं अग्निवीर पॅराट्रूपर बाहेर पडतायत. जो पोरगा व्हॉलंटिअर होऊन प्रोबेशन काढतो त्याची कायम व्हायची शक्यता जास्त असते असं मी मानतो, पण लिहून देऊ शकत नाही. म्हणून चार वर्षांनी बाहेर यायची वेळ आली तर हातात काय, हे त्यानं आत्ताच ठरवावं. नोकरी करता करता मुक्त विद्यापीठातनं डिग्री सुरू करायची, आम्ही लोक आळस करायचो आणि निवृत्तीनंतर पस्तावायचो.

कायम झालेल्यांचं करिअर साधं असतं. लान्स नाईक, नाईक, हवालदार, मग नायब सुभेदार. पस्तिशीच्या पुढं पळण्यापेक्षा शिकवण्याकडं वळतो, प्रोबेशनच्या पोरांचा उस्ताद होतो, काहीजण डेप्युटेशनवर एनएसजीला (नॅशनल सिक्युरिटी गार्ड) मानेसरला जातात. मला विचाराल तर नोकरीतली सगळ्यात समाधानाची वर्षं ती होती. आपण ज्याला रात्री ग्रिड रेफरन्स विचारून रडवलं तो पोरगा पाच वर्षांनी ऑपरेशनवरनं सगळ्यांना घेऊन सुखरूप परत येतो आणि "उस्ताद" म्हणून सॅल्यूट मारतो, त्याच्यापुढं मेडल काय न्हाई. बाहेर आल्यावर मग डीएससी (डिफेन्स सिक्युरिटी कोअर), मेस्कोची (राज्याचं माजी सैनिक महामंडळ) सिक्युरिटीची कामं, राज्य सरकारच्या भरतीत माजी सैनिकांच्या जागा, बँका. साताऱ्यात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवावं लागतं. पण एक अवघड जातं. काल आपल्या शब्दावर पोरं जीव टाकत होती आणि आज एटीएमच्या दारात स्टुलावर बसायचं, काहीजणांना ते खातं. म्हणून मी शेती धरली.

अधिकारी व्हायचं असेल तर ७८ टक्के वाया घालवू नका! एनडीए बारावीवर आहे, वर्षातनं दोनदा यूपीएससी परीक्षा घेते, वय साडेसोळा ते साडेएकोणीस, म्हंजे त्याच्याकडं अजून एक-दोन संधी असतील. आर्मीसाठी बारावी कुठल्याही शाखेची चालते. परीक्षा, मग पाच दिवसांची एसएसबी, मग खडकवासल्याला तीन वर्षं आणि डेहराडूनला एक वर्ष. तिथनं एसएफ मागता येतं, प्रोबेशन मात्र अधिकाऱ्याला पण तेच, आणि जवानांच्या डोळ्यांदेखत, त्यामुळं जास्तच कडक. एनडीए नाही झालं आणि जवान म्हणून लागला तरी नोकरीत राहून आर्मी कॅडेट कॉलेजमार्फत अधिकारी होता येतं, आमच्यातली पोरं झालीत, त्यांना आधी शिपाई असल्याचा फार उपयोग होतो.

---

नंदुरबारचा:

उशिरा आलो, एक भर घालतो. फक्त पॅराच डोक्यात ठेवू नका. नौदलाचे मार्कोस कमांडो आहेत, हवाई दलाचे गरुड कमांडो आहेत. आमच्या भागातले सार्जंट मिलिंद खैरनार गरुडमध्ये होते, लष्कराबरोबर काम करायला काश्मीरला गेले होते, ११ ऑक्टोबर २०१७ ला हाजिनला चकमकीत वीरमरण आलं. मरणोत्तर शौर्य चक्र. पोहायची आवड असेल तर मार्कोस, पण तिथे जायला आधी नौदलात भरती व्हावं लागतं, ते दार पूर्ण वेगळं. भाच्याला पोहता येतं का?

---

कृष्णाकाठचा_मामा:

येतं ना, नदीकाठचं पोरगं, पट्टीचा पोहणारा आहे. पण मार्कोसचं नाव काढलं तर ऐकत नाही, पॅराच.

तर सध्या असं ठरलंय. अकॅडमीला नाही सांगितलं. एनडीएचा फॉर्म भरायचा आणि शेजारी अग्निवीरची लेखीची तयारी पण चालू ठेवायची. धावणं चालूच आहे. बहीण म्हणाली फॉर्म भरायच्या दिवशी मी पण येते. काका, एक शेवटचं, त्याच्याकडे एनसीसीचं बी सर्टिफिकेट आहे, त्याचा काही उपयोग?

---

निवृत्त_माणदेशी:

आहे, अग्निवीरला बोनस मार्क असतात, मूळ सर्टिफिकेट जपून ठेवा आणि फॉर्ममध्ये आठवणीनं टाका, नंतर दाखवून चालत नाही. रहिवासी दाखला, जातीचा दाखला आणि गावच्या सरपंचाचा किंवा पोलीस पाटलाचा चारित्र्याचा दाखला ताजा काढून ठेवा. आणि रविवारी मोकळा असला तर त्याला म्हसवडकडं पाठवून द्या, सकाळी सहाच्या आत पोचला पाहिजे. रोज वापरतो तेच बूट घालून यायचं, नवीन नको.

---

कृष्णाकाठचा_मामा:

पाठवतो काका. पहाटेची एसटी नाही, मीच गाडीवर घेऊन येतो.